झाकणाचा वास

आमच्या घरात सव्वीस वर्षं आर्डिस क्वामचं नाव कोणी घेत नसे. तशी बंदी काही कोणी घातलेली नव्हती, पण नाव निघालं की लेलंड, म्हणजे माझा नवरा, हातातला घास टाकून उठायचा आणि त्याला एकाएकी गोठ्यात काम आठवायचं. अगदीच बोलावं लागलं तर तो तिला ‘ते नाक’ म्हणायचा. “आज चर्चमध्ये ते नाक आपल्या पुढच्याच बाकावर होतं,” असं. मी काही बोलत नसे. ब्रुस्वीनांच्या घरात सून म्हणून आल्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली होती, की या माणसांचा राग लोणच्यासारखा मुरतो आणि मुरू द्यावा लागतो.

नाक मात्र होतंच तिचं. आर्डिस आमच्या नोरा रिजच्या चीज कारखान्यात चौतीस वर्षं दुधाच्या धक्क्यावर उभी होती. सकाळी शेतकऱ्यांच्या गाड्या रांगेनं लागायच्या. कॅन धक्क्यावर चढला की ती लाकडी हातोडीनं झाकणाला दोन टोले मारायची, झाकण उचलायची आणि त्याची आतली बाजू नाकापाशी न्यायची. कॅनमध्ये ती कधी डोकावली नाही. सगळा वास झाकणाला येऊन बसतो, दुधात काय बघायचंय, असं तिचं म्हणणं. तेवढ्यावरून ती सांगायची, “तुझ्या गायी खालच्या कुरणात रानकांदा खातायत. धारेच्या आधी चार तास आत बांध त्यांना.” आणि तिथं रानकांदा निघायचाच.

दूध चांगलं असलं तर ती एकच शब्द बोलायची, “ओत.” मग माणूस कॅन उलटा करायचा. दूध वाईट असलं तर ती काहीच बोलायची नाही. कॅनच्या कानाला लाल चिठ्ठी बांधायची आणि पुढच्या कॅनकडे वळायची. त्या नाकासाठी ती दहा वाजेपर्यंत कॉफी प्यायची नाही, वासाचा साबण लावायची नाही, कच्चा कांदा तर आयुष्यात खाल्ला नसेल. एकदा नाताळच्या आदल्या दिवशी तिनं सख्ख्या भावाचं दूध परत पाठवलं होतं. भावजय वर्षभर फुगून बसली. आर्डिसनं चिठ्ठी सोडली नाही ती नाहीच. लग्न केलं नाही, मोठं घर बांधलं नाही, गावाबाहेर तिला कोणी ओळखतही नाही. पण आमच्या गावचं चीज तीन परगण्यांत नावाजलेलं होतं, आणि ते या एका बाईच्या नाकावर उभं होतं, हे मी तेव्हाही म्हणायची. मनात म्हणायची, कारण लेलंड ऐकत असायचा.

सत्याऐंशीच्या जुलैमध्ये तिनं आमच्या चार कॅनना चार लाल चिठ्ठ्या बांधल्या. मागं रांगेत अकरा गाड्या होत्या. आमचा शेजारी मायलो गाडीतूनच ओरडला, “काय रे लेलंड, गोठ्यात पाण्याचा दुष्काळ पडलाय का?” सगळे हसले. लेलंड ते चार कॅन घेऊन घरी आला, डुकरांना ओतले, आणि दुसऱ्या दिवशी धार काढायच्या यंत्राच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या आणल्या. तिसऱ्या दिवसापासून आमचं दूध वीस मैल लांबच्या दुसऱ्या कारखान्यात जायला लागलं. पुन्हा कधी कोणी परत पाठवलं नाही, तिथं झाकण हुंगणारं कोणी नव्हतं. पण दूधवाल्या माणसाला चारचौघांत घाणेरडा म्हटलं की ते तो थडग्यापर्यंत घेऊन जातो. शिवाय लेलंड खरोखर स्वच्छ माणूस. आमचं दूधघर, म्हणजे गोठ्याशेजारची यंत्र आणि कॅन धुवायची खोली, माझ्या स्वयंपाकघरापेक्षा चकचकीत असायचं, आणि हे मला ऐकवायला माझ्या सासूबाईंनी कधी कमी केलं नाही.

गेल्या वर्षी वसंतात आम्ही गायी विकल्या. लेलंडचे गुडघे गेले होते, मुलगा शहरात नोकरीला होता, दुसरा इलाज नव्हता. तरीसुद्धा हा माणूस पहाटे पाचला उठायचा आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचा. मला ते बघवायचं नाही. शेवटी मुलानं नाताळात घरी बिअर करायचं सामान आणून दिलं. मोठा डबा, नळी, बाटल्या, माल्टची म्हणजे मोडाच्या बार्लीची पिशवी, एक पुस्तक. म्हणाला, “बाबा, यालाही रोज बघावं लागतं. आजारी पडते, रुसते, सगळं करते.” लेलंडनं चष्मा लावला आणि पुस्तक वाचायला घेतलं. मी देवाचे आभार मानले.

पहिल्या खेपेला त्यानं आंबणं पुरं व्हायच्या आधीच बाटल्या भरायची घाई केली. तळघरात बाटल्या फुटायला लागल्या आणि मी लोणच्यांच्या बरण्या वाचवायला डोक्यावर पातेलं धरून खाली गेले. दुसऱ्या खेपेच्या बिअरला उकडलेल्या मक्याचा वास आला. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, उकळताना झाकण ठेवू नका, तो वास वाफेबरोबर गेला पाहिजे. पण उघडं भांडं ठेवणं दूधवाल्याच्या हाताला जमतच नाही. मी झाकण काढायची, हा येऊन ठेवायचा. तिसरी खेप आंबट झाली. चौथी आंबट. पाचवी तर अशी की मी घोट घेतला आणि मला पॅनकेकच्या पिठात घालायचं ताक आठवलं.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या नातीचं, ब्रिटाचं लग्न ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याच गोठ्यात ठरलं होतं, आणि लेलंडनं तिला शब्द दिला होता. “या गोठ्यातून त्रेचाळीस वर्षं लोकांच्या घरी दूध गेलंय. तुझ्या लग्नाचा पहिला पेला दुकानातला असणार नाही.” पोरीनं त्याच्या गळ्यात हात टाकले होते. आता आंबट बिअर समोर ठेवून तो टेबलाशी बसला होता आणि म्हणत होता, “पाणी उकळतं वापरतो, भांडी घासतो, हात कोपरापर्यंत धुतो. अजून काय करू गं मी?” त्याचा आवाज फाटला. एवढ्या वर्षांत मी तो आवाज दोनदाच ऐकलाय, एकदा वडील गेले तेव्हा आणि एकदा गायी गाडीत चढवल्या तेव्हा. एक खेप करायला पाच आठवडे लागतात, आणि लग्नाला पाचच आठवडे उरले होते.

मी ठरवलं. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या गावच्या आगीच्या बंबखान्यात घरी बिअर करणारे आठ-दहा लोक जमतात. ज्याची बिअर बिघडते तो बरणीत घालून आणतो, आणि टेबलाच्या टोकाला आर्डिस बसलेली असते. कारखाना बंद पडल्यापासून तिचं नाक रिकामं होतं, ते या लोकांनी कामाला लावलं. गंमत म्हणजे तिला बिअर आवडत नाही. ती पीत नाही, फक्त झाकण हुंगते. मी लेलंडला सांगितलं की रजया शिवणाऱ्या बायकांच्या मंडळाला जाते, आणि पाचव्या खेपेची बरणी पिशवीत घालून बंबखान्यात गेले.

माझ्या पुढच्या तरुणाच्या बरणीचं झाकण हुंगून ती म्हणाली, “हिरवं सफरचंद. लवकर काढलीस. आठवडाभर तशीच ठेव, हात लावू नकोस.” मग मी. मला बघून तिच्या भुवया वर गेल्या, पण तिनं कोणाची म्हणून विचारलं नाही. हातोडीची गरज नव्हती तरी बोटानं झाकणावर दोनदा टकटक केलं, उचललं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. चौतीस वर्षांत तिनं दोनदा हुंगलेलं कोणी पाहिलं नसेल.

“मार्व्हल,” ती हळूच म्हणाली, “हे बिअरचं दुखणं नाही. हे दुधाचं आहे. सत्याऐंशीचा जुलै, चार कॅन.”

मी विचारलं, “सव्वीस वर्षांपूर्वीचा वास तुला आठवतो?”

“लोकांना चेहरे आठवतात. पहिल्यापासून सगळ्या खेपा आंबट होत्या का?”

“नाही. पहिल्या दोन वेगळ्याच कारणानं वाया गेल्या. आंबट तिसरीपासून.”

“तिसरीला काय बदललं?”

मला आठवेना, आणि मग आठवलं. “सामानातली नळी चिरली होती. त्यानं दूधघरातली आणली. धारेच्या यंत्राची. शेवटच्या दिवसाची नळी त्यानं खुंटीला टांगून ठेवलीय.”

“ती धुतो कशी?”

“उकळत्या पाण्यानं. यंत्र निघालं की लगेच उकळतं पाणी. आधीपासून तसंच.”

“सगळ्यात आधी उकळतं? कोमट पाण्यानं विसळून मग उकळतं, असं नाही?”

“नाही. आधी उकळतंच.”

आर्डिसनं झाकण खाली ठेवलं. चेहरा पडला होता तिचा. “मी विचारलंच नव्हतं गं,” ती म्हणाली. “तेव्हा हा एक प्रश्न विचारला असता तर. माझं काम वास घ्यायचं, असं म्हणून मी पुढच्या कॅनकडे वळले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची जुनी गाडी आमच्या अंगणात आली. लेलंड दूधघराच्या दारात उभा होता. त्यानं टोपी काढली नाही.

“मिस क्वाम, इथं आता दूध मिळत नाही.”

“मी बिअरसाठी आलेय.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हो, मीच नेली बरणी. माझ्याशी काय भांडायचं ते जेवताना भांड. आधी तिचं ऐकून घे.”

“आता बिअरलाही चिठ्ठी बांधायचीय का तुला?” तो तिला म्हणाला.

“नळी दाखव, लेलंड.”

“ती नळी डॉलीची आहे. गोठ्यातली शेवटची धार तिची झाली. त्या नळीला काही झालेलं नाही. रोज उकळतं पाणी घालतो मी तिच्यात. माझ्या वडिलांनी शिकवलंय, पहिलं पाणी गरम, मग बाकी सगळं. तू माझ्या वडिलांना शिकवणार का आता?”

मला वाटलं, संपलं. पण आर्डिस हलली नाही. तिनं दूधघरात नजर फिरवली आणि विचारलं, “तुझ्या वडिलांच्या वेळी पाणी कुठं तापायचं?”

“घरात. आईच्या चुलीवर.”

“आणि इथं कसं यायचं?”

“बादलीनं. अंगणातून.”

“जानेवारीतसुद्धा?”

लेलंड अंगणाकडे बघत राहिला. स्वयंपाकघराच्या दारापासून तिथपर्यंत सत्तर पावलं आहेत, मी हजारदा चाललेय. मग तो अगदी हळू म्हणाला, “मी त्या बादलीत हात शेकायचो. शाळेत जायच्या आधी.”

“म्हणजे हात घालता यायचा. कोमट व्हायचं ते इथं येईपर्यंत. तुझे वडील बरोबर होते, लेलंड. आणि ही टाकी कधी बसवलीस?” तिनं भिंतीवरच्या पाणी तापवायच्या टाकीकडे बोट केलं.

याचं उत्तर मी दिलं, कारण ते माझ्या काळजावर कोरलेलं आहे. “सत्याऐंशीचा जून. लग्नाच्या वाढदिवसाला मी कपडे धुवायचं यंत्र मागितलं होतं, आणि आली ही.”

“उकळतं पाणी आधी पडलं की दूध नळीला शिजून चिकटतं,” आर्डिस म्हणाली. “वरून दिसत नाही. त्या थराखाली आंबटपणा जिवंत राहतो, आणि मग कितीही उकळतं घाल. तू जितकं जास्त धुतलंस तितकं ते पक्कं बसत गेलं. चिठ्ठी मी बरोबर बांधली होती, ती मी आजही बांधीन. पण मनात मी तुला आळशी म्हटलं होतं. ते चुकलं माझं. त्या रांगेतला सगळ्यात जास्त धुणारा माणूस तूच होतास.”

लेलंडनं खुंटीवरची नळी काढली, खिशातला चाकू उघडला आणि ती उभी चिरली. मला वाटलं त्याचा हात थांबेल. थांबला नाही. आतल्या बाजूला पिवळट पापुद्रा होता, नखानं निघेना असा. त्यानं तो नाकाशी नेला आणि डोळे मिटून घेतले.

“आणि हॉप्सच्या बाबतीत हात आखडू नकोस,” आर्डिस म्हणाली. “ती फुलं नुसती कडवटपणाला नसतात. आंबटपणालाही दाबतात.”

ती गाडीकडे निघाली तेव्हा लेलंड मागून म्हणाला, “हे आज तू दूधघरात बोललीस. चिठ्ठी बांधलीस ती अकरा गाड्यांसमोर.”

“हो,” ती म्हणाली. “बारा होत्या.” आणि गेली.

सहाव्या खेपेला नवी नळी आली. लेलंड ती आधी कोमट पाण्यानं विसळायचा, मग उकळत्यानं, मग दोरीवर सरळ सोडून वाळवायचा. उकळताना झाकण बाजूला ठेवून त्यावर चक्क बसायचा, म्हणजे हात तिकडे जायला नको. हॉप्स मोजून घातल्यावर आणखी चिमूटभर घालायचा. मला त्यानं एक थेंब चाखू दिला नाही. आर्डिसला एक बरणी पाठवू का विचारलं तर म्हणाला, “नाही. काय व्हायचं ते धक्क्यावर होईल.” तिला लग्नाचं आमंत्रण मात्र त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं.

लग्नाच्या दिवशी गोठ्यात दीडशे माणसं होती. ब्रिटाच्या डोक्यावर रानफुलं होती. पेले मांडलेले होते, सगळे रिकामे. लेलंड दूधघरातून एक जुना दुधाचा कॅन दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला आणि चाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवला. पिंपातली बिअर त्यानं त्यात भरली होती. कॅनच्या कानाला अजून आमचा जुना क्रमांक होता. शेतकऱ्यांच्या बाकावर बसलेले लोक बघायला लागले. त्यातले निम्मे तरी चार चिठ्ठ्यांच्या त्या दिवशी रांगेत होते. मायलो होता, आता काठी घेऊन चालणारा.

लेलंडनं खिशातून लाकडी हातोडी काढली आणि गर्दीतून थेट आर्डिसपाशी गेला. “आर्डिस,” तो म्हणाला, “माझा कॅन आलाय.”

मी ब्रिटाचा हात धरला. तिनं विचारलं, “आजी, काय चाललंय?” मी म्हटलं, “गप्प बस आणि बघ.” मला माहीत होतं, ही बाई भावाला सोडणारी नव्हती, ती आम्हाला काय सोडणार. बिअर वाईट असती तर ती आमच्या नातीच्या लग्नात, दीडशे लोकांसमोर, एक शब्द न बोलता मागं वळली असती. लेलंडलाही ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर त्यानं तिला बोलावलं होतं.

आर्डिसनं पर्स माझ्या हातात दिली. कट्ट्यापाशी गेली. झाकणाला दोन टोले मारले. अख्ख्या गोठ्यात तेवढाच आवाज. तिनं झाकण उचललं, आतली बाजू नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली. एकदाच हुंगलं. मग झाकण खाली ठेवलं आणि तिनं मायलोकडे बघितलं, मग सगळ्या बाकाकडे, मग लेलंडकडे.

“ओत,” ती म्हणाली.

मायलोनं काठी जमिनीवर आपटली आणि मग सगळा बाक टाळ्या वाजवायला लागला. लेलंडनं कॅन उचलून ब्रिटाच्या पेल्यावर वाकवला. मी जाऊन कॅन खालून धरला.